विक्रीला निघालेलं बंदर

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. तिथल्या संचालकांच्या बैठकीच्या दालनासाठी १७३२ च्या सुमारास सहा तेलचित्रं करवून घेण्यात आली. मुंबई, कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, मद्रासचा फोर्ट सेंट जॉर्ज, तेलिचेरी, केप टाऊन आणि सेंट हेलेना. किल्ले, डोंगर, झाडं जॉर्ज लॅम्बर्टने रंगवली आणि समुद्र व जहाजं सॅम्युअल स्कॉटने. सहा चित्रांचे मिळून कंपनीने ९४ पौंड १० शिलिंग मोजले. मुंबईच्या चित्रात पाण्याला लागून किल्ला उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात कंपनीची जहाजं आहेत. आजही अठराव्या शतकातली मुंबई दाखवायची झाली की हे चित्र हमखास पुढे केलं जातं.

लॅम्बर्ट आणि स्कॉट, दोघांपैकी एकानेही मुंबईत पाऊल ठेवलेलं नव्हतं. हाती आलेल्या आराखड्यांवरून आणि रेखाटनांवरून त्यांनी लंडनमध्ये बसून मुंबई उभी केली.

जुनं तेलचित्र म्हणून मुंबई बंदराचा एखादा देखावा विक्रीला येतो, तेव्हा ही गोष्ट आधी आठवायला हवी. अशी चित्रं लिलावगृहांत येतात, चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर येतात, एखाद्या कुटुंबाची वाटणी झाली की भिंतीवरून उतरतात. विकणारा सहसा सहीकडे बोट दाखवतो. खरं तर सहीपेक्षा कितीतरी जास्त माहिती चित्रातला धक्का देतो.

मुंबईचा किनारा यासाठी फार सोयीचा आहे. तो सतत बदलत गेला आणि त्या बदलांच्या तारखा नोंदलेल्या आहेत. सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये खुलं झालं, पण त्याचा उंच मनोरा १८३८ च्या सुमाराचा. टाऊन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात, १८६० च्या दशकात, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. ससून डॉक १८७५ चा, राजाबाई टॉवर १८७८ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. ताजमहाल हॉटेलचं दार १९०३ च्या डिसेंबरात उघडलं. गेटवेची पायाभरणी १९१३ मध्ये झाली, तरी उद्घाटनाला ४ डिसेंबर १९२४ उजाडला. म्हणजे पूर्ण झालेला गेटवे ज्या चित्रात दिसतो, ते चित्र फार तर शंभरेक वर्षांचं असू शकतं. ते दीडशे वर्षांचं आहे असं कुणी सांगितलं, तर भाव विचारण्याचीही गरज नाही.

जहाजंही बोलतात. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० च्या मार्चमध्ये सुएझकडे निघाली. त्यामुळे मुंबईच्या बंदरात धूर ओकणारी मोठी बोट दिसली की काळ साधारण त्या पुढचा. निशाणावर भिंग धरलं तर आणखी नेमका धागा मिळतो. ब्रिटिश निशाणात आयर्लंडचा तांबडा तिरपा क्रॉस १ जानेवारी १८०१ पासून आला. डोलकाठीवरच्या नखाएवढ्या फडक्यात पांढऱ्या तिरप्या पट्ट्यावर तांबडी रेघ असेल, तर चित्र त्या तारखेनंतरचं. चित्रकार काळजीपूर्वक काम करणारा असेल तर हा पुरावा पक्का. जहाजं रंगवण्यात मुरलेल्या माणसाच्या हातून निशाणाची चूक सहसा होत नाही.

या सगळ्या खुणा एकाच बाजूने चालतात, हे मात्र पक्कं लक्षात ठेवलं पाहिजे. चित्र अमुक सालाच्या आधीचं नाही, एवढंच त्या सांगतात. नंतरचं नाही, असं सांगत नाहीत. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. लॅम्बर्टसारखं त्याने दुरून काम केलं नाही. तो पुण्याला पेशव्यांच्या दरबारात राहिला, सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं तेलचित्र त्याने काढलं. शनिवारवाड्यात सुरू झालेल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट यांच्यासारखा गुणी चित्रकार त्याच्या सहवासात तयार झाला. मुंबई बेट आणि आसपासची बारा दृश्यं वेल्सने टिपली. तो १७९५ मध्ये वारला आणि त्या दृश्यांचा छापील संच लंडनमध्ये १८०० साली निघाला. असे छापील संच एकदा हातोहात फिरू लागले की त्यांवरून तेलरंगात नक्कल करायला कुणाचीच आडकाठी नसते. १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाल्यावर तर पाश्चात्त्य पद्धतीने तेलरंग हाताळणारे हात मुंबईतच घडू लागले. चित्रातली मुंबई १७९० ची आणि रंग १८९० चा, हे सहज शक्य आहे.

म्हणून चित्र उलटं करायचं.

मागची बाजू ही या धंद्यातली सर्वांत प्रामाणिक जागा. कॅनव्हास ताणणाऱ्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी आहेत का, कापड खिळ्यांनी ठोकलंय की स्टेपलने, लाकूड सगळीकडे सारखं काळवंडलंय की फक्त दिसणाऱ्या भागावर रंग चढवलाय, हे साध्या डोळ्यांना दिसतं. लंडनच्या ‘विन्सर अँड न्यूटन’ या पेढीने १८३२ पासून रंगसाहित्य विकायला सुरुवात केली. कापडावर तिचा ठसा असेल तर चित्र त्याआधीचं असू शकत नाही. अतिनील दिव्याखाली जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी त्यावर काळ्या डागांसारखी उमटते. प्रयोगशाळेत रंगाचा कण तपासला तर आणखी खुलासा होतो. कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८ नंतरचा, टायटॅनियम पांढरा १९२० च्या आसपासचा. मूळ रंगाच्या थरात टायटॅनियम सापडला, की ‘कंपनीच्या काळातलं’ हा दावा तिथेच संपतो.

वाड्यांतल्या चित्रांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा नेहमी होतो. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथली शिळाछाप चित्रं घरोघरी पोचली. वॉर्निश चढवलेली, काचेत मढवलेली अशी ओलिओग्राफ लांबून थेट तेलचित्रांसारखी दिसतात. भिंगातून पाहिलं की रंगाचे बारीक ठिपके वेगळे दिसू लागतात आणि कुंचल्याचा फटकारा कुठेच सापडत नाही. त्यांनाही मोल आहे, पण ते छापाचं मोल.

कायद्याची बाजूही नीट माहीत असावी. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र पुरावशेष ठरू शकतं. मग त्याची नोंदणी करावी लागते, मालक बदलला तर कळवावं लागतं, त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. हा कायदा जाचक आहे, अशी तक्रार संग्राहक करतात. तिच्यात थोडं तथ्य आहे. पण लॅम्बर्ट-स्कॉटची मुंबई लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, नाना फडणविसांचं वेल्सने काढलेलं चित्र तिथल्याच रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे आणि गंगाराम तांबट यांची रेखाटनं अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. आपल्या माणसांचे चेहरे पाहायला आपल्याला परदेशी जावं लागतं, हे ध्यानात घेतलं की कायद्याची गरज पटते.

आता मुंबईपासून दूर पाहू. लंडनमध्ये कंपनीची ती सहा चित्रं रंगवली जात होती, तेव्हा भंडारा जिल्ह्यातला आंबागड उभा राहून तीसेक वर्षं झाली होती. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या कारकिर्दीत राजखान पठाणाने तो १७०० च्या सुमारास बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. जिथे आपली जहाजं लागत आणि गोदामं भरत, तिथलीच चित्रं कंपनीने भिंतीवर लावली. सातपुड्यातल्या गडाला त्या भिंतीवर जागा नव्हती. म्हणूनच विदर्भातल्या एखाद्या जुन्या घरात गडाचा, घाटाचा किंवा वैनगंगेच्या काठाचा रंगवलेला देखावा निघाला, तर तो मुंबईच्या दहा देखाव्यांहून मोलाचा ठरेल.

तुमच्या घरी असं चित्र असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, नवी फ्रेम करायला देऊ नका आणि मागची चिठ्ठी फाडू नका. पुढून-मागून छायाचित्रं काढा. ते कुणी, कुठून आणि कधी आणलं हे घरातल्या थोरल्यांना विचारून सालासकट लिहून ठेवा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभं आहे. विकायचं ठरवण्याआधी तिथल्या जाणकारांना एकदा विचारा.