अंथरुणाला खिळलेल्या आजींची शुश्रूषा

इस्लामपूरच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की घरात माणूस ठरत नाही. मुलगा तोडीच्या मागे, सून वैरणीला, नातवंडे शाळेत. घरी उरतात त्या आजी. अशाच एखाद्या सकाळी न्हाणीत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. इस्लामपूरला, नाहीतर सांगली-मिरजेला नेऊन शस्त्रक्रिया होते. आजी घरी परत येतात आणि सर्वांना वाटते, संकट टळले. खरी कसोटी मात्र इथून पुढे असते.

आजी दिवसभर एकाच अंगावर पडून राहतात. थोड्याच दिवसांत माकडहाडापाशी कातडी लाल होते. एक शेजारीण सांगते, हळद लावा. दुसरी सांगते, तेल चोळा. तोवर जखम खोल गेलेली असते. बोल मात्र सुनेला लागतो. त्या बिचारीने कष्टात काही कमी केलेले नसते, पण ही शुश्रूषा तिला कोणी शिकवलेलीच नसते.

ती शिकवणे हे परिचारिकेचे काम आहे. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. त्यामुळे या भागाला नर्सबाई नव्या नाहीत. पण गावात त्यांची आठवण होते ती बाळंतपणाला आणि लस टोचायला. वृद्धांच्या शुश्रूषेचे शिक्षण आता परिचारिकांना वेगळे मिळते, त्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. असे खास शिक्षण घेतलेली परिचारिका खेड्यात सहसा भेटत नाही. तरीही केंद्र सरकारने २०१०-११ साली सुरू केलेल्या वृद्धांच्या आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी भेट देणे आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणे हे काम नेमून दिलेले आहे. तेव्हा संकोच न करता आशाताईंकरवी उपकेंद्राच्या नर्सबाईंना निरोप धाडावा.

त्या काय शिकवतात?

दर दोन तासांनी कूस पालटावी. ओढू नये, चादरीसकट दोघांनी उचलून वळवावे, कारण ओढल्याने कातडी सोलते. शस्त्रक्रिया झालेली असेल तर कोणत्या कुशीवर निजवायचे, हे डॉक्टरांना आधी विचारावे. पोटऱ्यांखाली उशी द्यावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लाल झालेली जागा कधीही चोळू नये. बोटाने दाबून लाली जात नसेल तर त्याच दिवशी नर्सबाईंना दाखवावे.

जेवण बसवून, सावकाश भरवावे आणि नंतर अर्धा तास बसते ठेवावे. निजून घास दिला तर तो श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून डॉक्टरांनी मना केले नसेल तर मागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे.

आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या, माणसे ओळखेनाशा झाल्या, तर “वय झाले” म्हणून सोडून देऊ नये. ताप, लघवीचा दाह, पाणी कमी पडणे, एखादे औषध, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि वेळीच उपचार झाले तर बहुधा बरे वाटते. दवाखान्यात जाताना घरातल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

आणखी एक गोष्ट नर्सबाई आवर्जून सांगतात. “वहिनी, दोन-दोन तासांनी रात्रभर तुम्ही एकट्याच उठणार? मग तुमच्याच अंथरुणापाशी मला यावे लागेल. दादांनाही शिकवते.” हे पुरुषमंडळींनी मनावर घ्यावे. उसाच्या पाण्याची पाळी आपण रात्री बारालाही चुकवत नाही. आईची कूस पालटण्याची पाळीही तशीच वाटून घ्यावी. घरात प्रत्येकाने आपली पाळी सांभाळली, तर आजींची पाठ शाबूत राहील आणि सुनेलाही रात्रीची चार घटका झोप मिळेल.