गेम कन्सोलचे आयुष्य ठरवते कोण?

निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे लाल-पांढरे यंत्र जपानमध्ये विक्रीला काढले ते १५ जुलै १९८३ रोजी. त्याचे उत्पादन २००३ साली थांबले, आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर कंपनीने दुरुस्ती बंद केली ती २००७ च्या ऑक्टोबरअखेर. दरम्यान त्याच कंपनीचे १९९०, १९९६ आणि २००१ साली तीन नवे कन्सोल येऊन गेले होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे आणि ‘कॅसेट’ खोचून चालवायचे जे व्हिडिओ गेम मिळत, त्यांतले पुष्कळसे याच यंत्राच्या नकला होते, आणि मूळ यंत्र बंद झाल्यावरही त्या नकला बाजारात विकल्या जात होत्या. मग या कन्सोलचे आयुष्य किती मानायचे? पुढचा कन्सोल आला तेव्हा संपले म्हणावे तर सात वर्षे, उत्पादन थांबेपर्यंत धरावे तर वीस, दुरुस्ती मिळेपर्यंत धरावे तर चोवीस. हे तीन आकडे इतके वेगळे येतात, कारण ते ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रभावी गोष्ट कोणती, हे गेल्या पंधराएक वर्षांत बदलले आहे, आणि तो बदल खेळणाऱ्यांच्या पुरेसा लक्षात आलेला नाही असे मला वाटते.

यंत्राची झीज ही ती गोष्ट नव्हे, हे आधी पाहू. सिलिकॉनच्या चिपमध्ये हलणारे काही नसते. झिजतात ते आजूबाजूचे भाग: पंखा, डिस्क वाचणारा लेझर आणि वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. अशा कपॅसिटरसाठी ‘१०५ अंश सेल्सिअसला २००० तास’ अशी हमी सामान्यपणे दिलेली असते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरले की हा काळ दुप्पट होतो. यंत्राच्या पोटात ६५ अंश धरले तर चारदा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. रोज दोन तास खेळणाऱ्याला ते चाळीस वर्षांहून अधिक पुरतील. प्रत्यक्षात यंत्र बंद असतानाही कपॅसिटरमधला द्रव सावकाश उडून जातो, काही कंपन्यांचे माल मुळातच हलके निघतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरी त्याच्या निम्मा घेतला तरी तो कोणत्याही कन्सोलच्या बाजारातल्या काळापेक्षा मोठा भरतो.

यावर एक्सबॉक्स ३६० चे उदाहरण लगेच पुढे केले जाईल, आणि ते रास्तच आहे. २००५ च्या नोव्हेंबरात आलेली ही यंत्रे तीन लाल दिवे दाखवून इतक्या मोठ्या प्रमाणात बंद पडू लागली, की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापोटी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. यंत्र चालू केले की चिप तापते, बंद केले की निवते. चिप आणि तिच्याखालचा थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि त्यांना जोडणारे सूक्ष्म डाख असंख्य वेळा ताणले जाऊन अखेर तडकतात. ही खरीखुरी झीज होती, पण ती रचनेतल्या चुकीतून आलेली होती, वयातून नव्हे. कमी उष्णता देणाऱ्या सुधारित चिपा आल्या, दोष मागे पडला आणि एक्सबॉक्स ३६० चे उत्पादन २०१६ पर्यंत चालले. सर्वाधिक बदनाम झालेल्या कन्सोललाही बाजारात दहा वर्षे मिळाली, म्हणजे त्याचा शेवट बिघाडाने ठरवलेला नव्हता.

तो ठरवत होती चिप. म्हणजे जुनी चिप खराब होणे नव्हे, तर नवी चिप स्वस्तात कितीतरी अधिक देऊ लागणे. सोनीच्या पाच प्लेस्टेशनची मेमरी ओळीने मांडली की हे फार स्वच्छ दिसते. १९९४ च्या पहिल्या यंत्रात मुख्य मेमरी २ मेगाबाइट होती. २००० सालच्या दुसऱ्यात ३२ मेगाबाइट झाली, म्हणजे सोळा पट. २००६ च्या तिसऱ्यात दोन भागांत मिळून ५१२ मेगाबाइट, पुन्हा सोळा पट. २०१३ च्या चौथ्यात ८ गिगाबाइट, तिसऱ्यांदा सोळा पट. आणि २०२० च्या पाचव्यात १६ गिगाबाइट, म्हणजे फक्त दुप्पट. पहिल्या तीन उड्यांमागे अर्धवाहक उद्योगाची एक दीर्घ सवय होती: दर दोनेक वर्षांनी तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर बसत आणि प्रत्येकाची किंमत उतरे. पाच-सहा वर्षे थांबले की त्याच पैशात सर्वस्वी नवे यंत्र बांधता येई. जुन्यासाठी लिहिलेला खेळ नव्याच्या ताकदीपुढे थिटा वाटे, आणि नव्यासाठी लिहिलेला जुन्यावर बसतच नसे. कन्सोलची पिढी म्हणजे मुख्यतः या घसरत्या किमतीचे ठोके होते.

तीच घसरण जुन्या यंत्रालाही जगवत असे, हा तिचा कमी चर्चिला गेलेला गुण. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला, कारण सुरुवातीच्या दोन मोठ्या चिपा पुढे एकाच लहान चिपेत सामावल्या, वीज कमी लागू लागली, पंखा आणि पेटी दोन्ही आटोपशीर झाली. प्लेस्टेशन ३ बाजारात येऊन सहा वर्षे झाली तरी दुसऱ्याचे उत्पादन चालू होते. ते थांबले २०१३ च्या आरंभी, तोवर १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती. श्रीमंत देशांत जुना झालेला कन्सोल भारतासारख्या बाजारात परवडणारा होऊन पोचत होता. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा हैदराबादमध्ये तयार झालेला खेळ २००९ साली प्लेस्टेशन २ साठीच निघाला, तिसऱ्यासाठी नाही. आज उलटे घडते आहे. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या अखेरीस ५४,९९० झाला. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये तो ५० डॉलरनी महागला. चलनाचे दर, आयात शुल्क यांचाही यात वाटा आहे. पण पूर्वी चिपेची स्वस्ताई असले धक्के सहज पचवून वर किंमत उतरवत असे. आता पचवायला ती स्वस्ताईच उरलेली नाही. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याच प्रमाणात वीज वाचे, तो लाभ २००५ च्या सुमारास आटला. आकार अजून घटतो आहे, पण त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री इतकी महाग झाली आहे की एका ट्रान्झिस्टरमागचा खर्च पूर्वीसारखा खाली येत नाही.

कंपन्या नफ्यासाठी मुद्दाम आयुष्य तोकडे ठेवतात, हा आक्षेप मोबाइल फोनच्या अनुभवातून येतो. कन्सोलला तो नीट लागू पडत नाही. ॲपल आणि एपिक ही गेम कंपनी यांच्यातल्या खटल्यात मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी साक्ष दिली, की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. पैसा येतो तो खेळांच्या विक्रीतल्या हिश्शातून, आणि हा हिस्सा यंत्र लोकांच्या घरात जितकी वर्षे वापरात राहील तितका वाढतो. पहिला एक्सबॉक्स चार वर्षांतच बदलला गेला, त्यामागेही लोभापेक्षा अडचण होती: चिपांची रचना मायक्रोसॉफ्टच्या मालकीची नव्हती, त्यामुळे त्या लहान व स्वस्त करणे तिच्या हाती नव्हते, आणि चिप पुरवणाऱ्या एनव्हिडियाशी किमतीवरून वाद लवादापर्यंत गेला होता. सेगाचा ड्रीमकास्ट १९९८ च्या अखेरीस आला आणि मार्च २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, पण तिथे कंपनीची आर्थिक ताकदच संपली होती.

खेळणाऱ्यांनाच नवे हवे असते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये मेमरी दुप्पटच असली तरी त्यातली सॉलिड स्टेट ड्राइव्ह सेकंदाला साडेपाच गिगाबाइट माहिती वाचते. चौथ्यातल्या फिरत्या चकतीपेक्षा हा वेग कितीतरी पटींनी जास्त आहे आणि खेळ उघडण्याची प्रतीक्षा त्याने खरोखर संपवली. हा फरक मी कमी लेखत नाही. मात्र नव्या खेळांनी जुन्या यंत्राला खरेच मागे टाकले का, हे लोकांच्या वागण्यावरून पाहावे. सोनीने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीप्रमाणे तिच्या मासिक वापरकर्त्यांपैकी जवळपास निम्मे अजून प्लेस्टेशन ४ वरच होते, नवा कन्सोल येऊन तीन वर्षे उलटल्यावर. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ सारखा मोठा खेळ २०२२ मध्ये दोन्ही यंत्रांसाठी आला. निन्टेन्डोचा स्विच तर २०१५ सालच्या चिपेच्या घराण्यावर बांधलेला होता. तो मार्च २०१७ ते जून २०२५ असा आठ वर्षांहून अधिक काळ कंपनीचा मुख्य कन्सोल राहिला आणि १५ कोटींच्या पुढे विकला गेला. चिपेची हुकमत ओसरली आहे, याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

झीज आड येत नाही आणि चिप घाई करत नाही, तर कन्सोल दीर्घायुषी व्हायला हवेत. तसे होताना दिसत नाही, कारण मुदत ठरवण्याचे काम आता कंपनीच्या सर्व्हरकडे गेले आहे. १९८३ च्या यंत्रात खेळ कॅसेटमध्ये पूर्ण होता. कंपनी उद्या बुडाली तरी तो चालला असता. आता निन्टेन्डोच्याच वी यू आणि थ्रीडीएस या कन्सोलांचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले, एप्रिल २०२४ मध्ये त्यांवरचे ऑनलाइन खेळणेही थांबले, आणि जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चे दुकान मिटले. स्विचनंतर आलेल्या स्विच २ च्या काही खेळांच्या कार्डात खेळ नसून फक्त किल्ली असते. खेळ सर्व्हरवरून उतरवून घ्यावा लागतो. २०२३ पासूनच्या बारीक प्लेस्टेशन ५ ला डिस्क ड्राइव्ह सुटी जोडता येते, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून तिची नोंद करावी लागते. मला हे उदाहरण सर्वांत काळजीचे वाटते. लेझर हा कन्सोलमधला लवकर झिजणारा भाग. तो सहज बदलता यावा ही उत्तम रचना. पण नोंद करणारा सर्व्हर बंद झाला की नवी, धडधाकट ड्राइव्ह बसवूनही डिस्क वाचली जाणार नाही. ज्या भागाने यंत्राचे आयुष्य वाढायचे, त्यालाच मुदत लागली.

सर्व्हर चालवायला खर्च येतो आणि तो अनंत काळ करा असे कोणत्याही कंपनीला सांगता येणार नाही, हे मान्यच आहे. मागणी तेवढी मोठी नाहीच. प्लेस्टेशन ४ मध्ये घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्कही नसला, तर डिस्कवरचे खेळसुद्धा उघडत नाहीत, हे खेळाडूंनी २०२१ मध्ये प्रयोग करून दाखवले. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर ते खेळ बॅटरीविना चालू लागले. कोट्यवधी यंत्रांवरची टांगती तलवार एका अपडेटने दूर झाली. सर्व्हर कायम चालू ठेवण्याची गरज पडली नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसाठी दर २४ तासांनी इंटरनेट तपासणीची घोषणा झाली होती, तीही ग्राहकांच्या विरोधानंतर काही दिवसांत मागे घेतली गेली. तांत्रिक अडथळा दोन्ही वेळा नव्हता.

आपल्याकडचा कायदा इथे उपयोगी पडू शकतो. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमही आहेत, आणि उत्पादकाने किती टाकाऊ माल पुनर्प्रक्रियेला द्यायचा याचे गणित वस्तूच्या सरासरी आयुष्यावर बेतलेले आहे. हे आयुष्य वस्तूच्या झिजेवरून मोजण्याची कल्पना फ्रिज किंवा पंख्यासाठी ठीक आहे. कन्सोलच्या बाबतीत उत्पादकाने विक्रीच्या वेळीच दोन गोष्टी लेखी सांगायला हव्यात: नोंदणीचे आणि खेळ उतरवून देण्याचे सर्व्हर निदान कोणत्या वर्षापर्यंत चालू राहतील, आणि ते बंद करण्यापूर्वी यंत्राला त्यांच्यावाचून चालण्याजोगे करणारा शेवटचा अपडेट दिला जाईल की नाही. ५५ हजार रुपये मोजणाऱ्याला ही दोन उत्तरे खोक्यावर छापलेल्या गिगाबाइटपेक्षा जास्त कामाची आहेत.