आंब्यावरील भिरूड

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत कुकडी, मीना व घोड नद्यांच्या खोऱ्यांतून आंब्याची लागवड आहे. कोंकणचा हंगाम सरत आल्यावर येथील हापूस बाजारांत येतो. या झाडास आंतून पोखरणाऱ्या भिरुडाची ओळख प्रत्येक बागाइतदारास असावी, म्हणून आम्ही ही माहिती देत आहों.

भिरूड हा सुमारें दोन इंच लांबीचा करडा भुंगेरा आहे. नराच्या मिशा शरीराहून लांब असतात. डोक्याच्या मागें पाठीवर दोन नारिंगी-तांबडे ठिपके असून ते डोळ्यांसारखे भासतात. खरे डोळे मात्र मिशांच्या बुडाशीं असतात. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ दे गेर यांनीं १७७५ सालीं ठेविलेल्या ‘रुफोमॅक्युलाटा’ या नांवाचा अर्थच ‘तांबड्या ठिपक्यांचा’ असा आहे. हातीं धरल्यास हा किडा करकर आवाज करितो, पण तो विषारी नाहीं.

खरें भय त्याच्या अळीचें. पावसाळ्याच्या आरंभीं भुंगेरे बाहेर पडतात. मादी खोडाच्या किंवा जाड फांदीच्या सालींत चीर पाडून एकेक अंडें घालिते. पांढुरकी, बिनपायांची अळी प्रथम सालीखालचा भाग खाते व पुढें लांकडांत शिरते. पूर्ण वाढलेली अळी तीन इंचांहून लांब भरते. अन्नरसाची वाट तुटल्यामुळें आधीं एखादी फांदी सुकते; दुर्लक्ष झाल्यास सबंध झाड वाळतें, आणि वीस वर्षांची जोपासना वायां जाते.

म्हणून फांदी सुकण्याची वाट पाहूं नये. बुडाशीं भुसा पडलेला किंवा सालींतून रस पाझरतांना दिसतांच तेथील साल चाकूनें तासून भोंक शोधावें. टोंकास आंकडा केलेली तार घालून अळी ओढून काढावी. तार न पोंचल्यास रॉकेलांत भिजविलेला कापसाचा बोळा भोंकांत बसवून तोंड चिखलानें लिंपावें. तासलेल्या जागेस बोर्डो मलम लावावें. आठ-दहा दिवसांनीं पुन्हां पाहावें. ताजा भुसा दिसल्यास अळी जिवंत आहे असें समजून तोच उपाय पुन्हां करावा.

कीड लागून वाळलेल्या फांद्या व मेलेलीं झाडें पावसाळ्यापूर्वीं तोडून जाळावीं, नाहींतर पुढील भुंगेरे त्यांतूनच निघतात. उंबर व सांवर यांवरही ही कीड वाढते; बांधावरच्या त्या झाडांकडेही लक्ष असावें. पावसाळ्यांत दोन तांबड्या ठिपक्यांचा भुंगेरा आढळल्यास तो तत्काळ मारावा. एक मादी नाहींशी झाली, तर तिचीं पुष्कळ अंडीं टळतात.