काळविटांच्या माळावर

मुलांनो, 'सफारी' हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला असेल. जंगलात जाऊन प्राणी पाहणे, असा त्याचा आजचा अर्थ. पण हा शब्द परका नाही, तुमच्या घरचाच आहे. अरबीतील 'सफर' म्हणजे प्रवास. अरब व्यापाऱ्यांबरोबर तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला. तेथील स्वाहिली भाषेत त्याचा 'सफारी' झाला. पुढे तो इंग्रजीत शिरला आणि तेथून फिरून आपल्याकडे आला. उर्दूत तर 'सफर' आहेच, पण मराठीतही आपण 'बागेत सफर केली' असे म्हणतो. तेव्हा चला, आज एका छोट्याशा सफरीला जाऊ.

मुंबईला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाळी लावलेल्या बसमधून वाघ-सिंह दाखवतात. ती सफारी वेगळी. तेथे प्राणी कुंपणाच्या आत असतात आणि माणसे बसच्या आत. आपण जाणार आहोत तेथे बस नाही, वाघ नाही आणि खरे सांगायचे तर जंगलही नाही. ते ठिकाण म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी. २०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते. लोक आजही नुसते 'नगर' म्हणतात.

रेहेकुरी हे गाव कर्जत तालुक्यात आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन गावे आहेत. मुंबई-पुणे लोहमार्गावरचे कर्जत रायगड जिल्ह्यातले. आपले कर्जत ते नव्हे. नगर शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, दुष्काळी भागात आपले कर्जत आहे. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो, त्यामुळे डोंगराच्या पूर्वेला पाऊस फार थोडा पडतो. अशा भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके पाहा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर, धो धो पाऊस आणि दाट झाडी. इकडे कर्जतला उघडा माळ, मुरमाड जमीन आणि जिकडे तिकडे गवत.

या माळाचा एक तुकडा १९८० मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. 'अभय' म्हणजे भीती नसणे आणि 'अरण्य' म्हणजे जंगल. जेथे प्राण्यांना माणसाची भीती नाही, असे जंगल म्हणजे अभयारण्य. रेहेकुरीला तुम्ही अरण्य शोधू लागलात तर निराश व्हाल. हिवर, बाभूळ, बोर अशी काटेरी झाडे विरळ उभी असतात. बाकी सगळे गवत. मग हे अभय कोणासाठी? काळविटासाठी.

आता शब्दांचा थोडा घोळ सोडवू. तुम्ही उर्दूत 'हिरन' म्हणता, मराठीत 'हरीण' म्हणतात. 'गजाल' हा शब्दही तुम्हांला माहीत असेल. चितळ, सांबर, चिंकारा, काळवीट या सर्वांना आपण सरसकट हरीण म्हणतो. पण त्यांत दोन निराळी कुळे आहेत. चितळ आणि सांबर यांची शिंगे फांद्यांसारखी फुटतात, ठरावीक काळाने गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे मात्र गाय-बकरीच्या शिंगांसारखी कायमची असतात. ती एकदा आली की जन्मभर वाढतात आणि मोडली तर नवीन येत नाहीत. शिवाय काळविटाच्या शिंगांना पीळ असतो, एखाद्या स्क्रूसारखा. हा पीळ पाहिला की ओळख पटलीच.

रेहेकुरीला जायचे तर पहाटे निघावे. पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंतचे दिवस चांगले. उन्हाळ्यात दुपारी तेथे उभे राहवत नाही आणि प्राणीही सावली धरून बसतात. पोचल्यावर प्रथम वनखात्याच्या चौकीवर जावे, परवानगी घ्यावी आणि वनरक्षक किंवा जाणता वाटाड्या सोबत घ्यावा. "आम्ही आमचे पाहू" असे म्हणू नये. नवख्या माणसाला माळावर काहीच दिसत नाही. गवताच्या रंगाची पाठ गवतात अशी मिसळून जाते, की तीस जनावरे समोर असूनही तुम्ही विचारता, "कुठे आहेत?" वाटाड्या बोट न दाखवता नुसती मान वळवतो. हात वर केला की कळप सावध होतो, हे त्याला ठाऊक असते.

कपडे मातकट रंगाचे घालावेत. लाल-पिवळे नकोत, अत्तरही नको. पायांत बूट हवेतच, कारण कुसळी गवताची टोकदार कुसळे मोज्यांत शिरली की दिवसभर टोचत राहतात. (घरी आल्यावर ती काढत बसणे हाही सहलीचाच एक भाग समजावा!) आणि सर्वांत मोठी अट म्हणजे गप्प बसणे. चाळीस मुलांच्या वर्गाला हे फार अवघड जाते, हे मी जाणतो. म्हणून आठ-दहा जणांचे लहान गट करावेत.

गप्प बसून काय साधते, हे याच जिल्ह्यातल्या एका थोर कैद्याने लिहून ठेवले आहे. १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनात मौलाना अबुल कलाम आझाद यांना नगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी केली. आधी मौलानांनी त्यांना हाकलून पाहिले. मग हार मानली आणि तांदळाचे दाणे टाकून ते शांत बसू लागले. दाणे रोज थोडे जवळ येत गेले आणि त्यांच्यामागे चिमण्याही. शेवटी त्या मौलानांच्या हातावरचे दाणे टिपू लागल्या. ही हकिगत 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या पुस्तकात आहे. तुम्ही ती मुळातून वाचू शकता, हे तुमचे भाग्य. माळावर मात्र कोणालाही दाणे टाकायचे नाहीत. तेथे मौलानांची फक्त बैठक उसनी घ्यायची.

आता कळप दिसला असे समजा. सगळीच जनावरे काळी नसतात, याचे तुम्हांला नवल वाटेल. माद्या आणि पाडसे फिकट तांबूस असतात. पोट पांढरे, डोळ्यांभोवती पांढरे कडे. नरही जन्मतः तसाच तांबूस असतो. साधारण तिसऱ्या वर्षापासून तो गडद होऊ लागतो आणि पूर्ण वयात पाठ जवळजवळ काळी होते. म्हणूनच तो काळवीट. संस्कृतात त्याला कृष्णमृग म्हणतात. माद्यांना बहुधा शिंगे नसतात. खांद्यापर्यंतची उंची सुमारे ८० सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या शेळीएवढीच.

तो काळा नर एकटाच बाजूला का उभा आहे, असे तुम्ही विचाराल. ती त्याची हद्द आहे. ठरावीक जागी तो लेंड्यांचे ढीग घालतो. डोळ्यापुढच्या ग्रंथीतील चिकट द्रव काडीला पुसून ठेवतो. ही त्याची नावाची पाटीच. दुसरा नर आला की हा मान वर करून, शिंगे पाठीवर टेकवून, नाक आकाशाकडे धरून चालत जातो. त्याची ऐट बघत राहावी. बहुतेक वेळा एवढ्यावरच भांडण मिटते. न मिटले तर शिंगांची खडखड दूरवर ऐकू येते.

मध्येच एखादी टिटवी ओरडते. कळपातले एक जनावर सरळ वर उडी मारते, जणू पायांना स्प्रिंग आहे. मग दुसरे, मग तिसरे, आणि क्षणात सगळा कळप धावू लागतो. काळवीट तासाला सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकतो. एवढा वेग कशासाठी? लांडगा तर इतका वेगाने धावत नाही. हा वेग चित्त्यासाठी होता. पूर्वी आपल्या माळांवर चित्ते होते. अकबराच्या पदरी शिकारी चित्त्यांचा मोठा ताफा होता आणि कोल्हापूर संस्थानातही चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनो येथे सोडले, पण आपला माळ अजून रिकामाच आहे. पाठलाग करणारा गेला, वेग तेवढा मागे राहिला.

शिकारी राजांतही एखादा हळवा निघे. जहांगीर बादशहाचे मनसराज नावाचे एक लाडके हरीण होते. ते मेल्यावर बादशहाने त्याची कबर बांधवली आणि त्या परिसरात हरणांच्या शिकारीला बंदी केली. तेथला 'हिरन मीनार' आज पाकिस्तानात, लाहोरजवळ शेखूपुरा येथे उभा आहे. आपल्याकडे आता बंदी सगळीकडेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षांची कैद होते.

चालताना कधी गवतात दडून बसलेले पाडस दिसेल. ते हलत नाही, ओरडत नाही. "बिचारे चुकले, आईपासून ताटातूट झाली," असे वाटून मुले त्याला उचलायला धावतात. असे कधीही करू नका. पहिले काही दिवस काळविटाची मादी पिलाला गवतात लपवून चरायला जाते आणि दूध पाजायला परत येते. ते पाडस चुकलेले नसते, आईने सांगितलेल्या जागी बसलेले असते. तुम्ही उचलले तर मात्र खरोखर चुकेल.

आणखी एक गोष्ट सहलीला आलेली मुले मोठ्या प्रेमाने करू पाहतात. उघडा माळ पाहून त्यांना वाईट वाटते. "येथे आपण झाडे लावू," असे ती म्हणतात. मोठी माणसेही तसेच म्हणतात. आपण अशा जमिनीला मराठीत 'पडीक' म्हणतो, तुम्ही उर्दूत 'बंजर' म्हणता. सरकारी दप्तरांतही माळराने बरीच वर्षे पडीक म्हणूनच मोजली गेली. त्यामुळे कोठे झाडे लागली, कोठे नांगर फिरला, कोठे कारखाने आले. पण माळ पडीक नसतो. काळविटाचे सगळे बळ डोळ्यांत आणि पायांत आहे. दूरवर दिसले पाहिजे आणि मोकळे धावता आले पाहिजे. दाट झाडी झाली की लांडगा दिसत नाही आणि गवतही वाढत नाही. चंडोल जमिनीवरच घरटे करतो, त्याचीही जागा जाते. माळढोक या मोठ्या पक्ष्याचे उदाहरण तर समोरच आहे. १९७९ मध्ये सोलापूर व नगर जिल्ह्यांतील माळांवर त्याच्यासाठी अभयारण्य झाले. त्यात कर्जत तालुकाही होता. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे फार दुर्मिळ झाले आहे. झाडे जरूर लावा, पण शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर लावा. माळाला गवतच राहू द्या.

आता थोडे गणित करू. रेहेकुरी अभयारण्याचे क्षेत्रफळ फक्त २.१७ चौरस किलोमीटर आहे. ते चौकोनी आहे असे मानले, तर त्याची एक बाजू दीड किलोमीटरही भरत नाही. पूर्ण वेगाने धावणारा काळवीट ते अंतर साधारण ६६ सेकंदांत तोडेल. मग तो आत कसा राहणार? तो बाहेर पडतोच. बाहेर शेते आहेत. ज्वारी, हरभरा, तूर यांचे कोवळे कोंब त्याला फार आवडतात. त्याला हद्दीचा दगड वाचता येत नाही. शेतकऱ्याला मात्र आपले उभे पीक खाल्लेले दिसते. नुकसान झाले तर वनखात्याकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो, भरपाई मिळते. पण थंडीत रात्रभर जागून शेत राखण्याचे पैसे कोणत्या पंचनाम्यात येतात? काळवीट पाहायला आपण दोन तास जातो. त्याच्या शेजारी राहणारा माणूस बारा महिने राहतो. म्हणून परतताना वाटेतल्या गावात थांबा, चहा घ्या आणि तेथल्या शेतकऱ्याशी बोला. तुमची मराठी थोडी अडखळली तरी चालेल. कोणत्या पिकावर किती जनावरे येतात, ती कोणत्या वाटेने येतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

सकाळी तुम्हांला कळप दिसला नाही, तर संध्याकाळपर्यंत थांबा. ऊन उतरले की गवत सोन्यासारखे पिवळे दिसू लागते. तितरांची हाक सुरू होते. मग वनरक्षक हळूच मान वळवतो. माद्या एकामागून एक येतात, त्यांच्यामागे पाडसे आणि सर्वांत शेवटी तो काळा नर. चरत चरत ती हद्दीच्या दगडापाशी येतात, क्षणभर थांबतात, कान टवकारतात. पलीकडे ज्वारी गुडघ्याएवढी झालेली असते. पहिली मादी दगड ओलांडून आत पाय ठेवते आणि शेतातून पत्र्याचा डबा वाजू लागतो.