वीस मिलिग्रॅमचे अर्थशास्त्र

वैभववाडीसारख्या तालुक्यातून तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघतो, तेव्हा कुटुंबाला रोगाइतकीच चिंता खर्चाची असते. कोकण रेल्वेने मुंबई एका रात्रीत गाठता येते. उपचार मात्र महिनोन्‌महिने चालतात.

अशा रुग्णांसाठी गेल्या दशकात निव्होलुमॅब नावाचे औषध आले. त्याचे मर्म शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील एका विलक्षण योजनेत आहे. रक्तातील टी-पेशी बिघडलेल्या पेशी हुडकून नष्ट करतात. पण त्यांना मोकळे रान मिळाले, तर त्या आपल्याच आतड्यांवर वा ग्रंथींवर उलटतील. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर त्यांना आवरणारे काही ग्राही रेणू असतात. करूळ घाट उतरणाऱ्या मालमोटारीला ब्रेक असावा, तसेच हे. त्यांपैकी ‘पीडी-१’ हा रेणू क्योतो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ मध्ये सापडला. कर्करोगाच्या पेशी मोठ्या धूर्त. नेमका हाच ब्रेक दाबणारा रेणू त्यांच्यापैकी पुष्कळजणी अंगावर बाळगतात आणि चालून आलेली टी-पेशी जागच्या जागी थबकते. निव्होलुमॅब पीडी-१ला चिकटून तो ब्रेक दाबला जाऊ देत नाही. ‘सीटीएलए-४’ या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी संशोधन केले. दोघांना २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रश्न पुढेच आहे. या औषधाची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत असे उपचार शंभरांतून एक ते तीन रुग्णांच्याच आवाक्यात येतात. परंतु टी-पेशीवरील पीडी-१ रेणूंची संख्या मर्यादित असते. ते औषधाने व्यापले गेले, की वाढीव मात्रेला फारसे काम उरत नाही. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा लवकर पटेल.

टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना तोंडावाटे घ्यावयाची तीन औषधे दिली. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, म्हणजे रूढ प्रमाणाचा अठरावा हिस्सा. वर्षअखेर पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ने २०२३ साली हे निष्कर्ष छापले.

अर्थात याने हुरळून जाऊ नये. दुसऱ्या गटातीलही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात दगावले. शिवाय ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, त्यामुळे वीस मिलिग्रॅम हे २४०च्या तोडीचे ठरले असे म्हणता येत नाही.

कमी औषध पुरते काय, हे शोधण्यात उत्पादकाचा लाभ नसतो. १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत असलेल्या संस्थेने हा प्रश्न विचारला, यात म्हणूनच नवल नाही. अशा चाचण्यांचा भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलावयास हवा. त्याच हिशेबात आणखी एक बाब धरावी लागेल. शिरेवाटे द्यावयाचे हे औषध दर तीन आठवड्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळावे आणि मुंबईला केवळ तपासणीपुरते जावे लागावे. एरवी औषधात वाचलेला रुपया रेल्वेच्या तिकिटात आणि सोबत आलेल्या मुलाच्या बुडालेल्या मजुरीत जाईल.