मुका हॉर्न आणि खारा वारा

थळ, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनचं जीवना बंदर, रायगडच्या या पट्ट्यात मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या रोज दिसतात. अशा गाडीचा हॉर्न एक दिवस बंद पडतो आणि बहुतेक वेळा निर्णय लगेच होतो: हॉर्न गेला, नवा टाका. नवा टाकल्यावर तो वाजतोही. मग दोन-चार महिन्यांत आवाज घोगरा होतो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बंद. दोष कंपनीला जातो. माझं म्हणणं असं, की किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीत हॉर्नवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी पाहावेत जोड: कपलर, फ्यूजची बैठक, रिलेचे पाय आणि सर्वांत आधी अर्थिंग. हॉर्न मुका झालेला असतो. मेलेला असतोच असं नाही.

हे समजायला हॉर्नच्या पोटात डोकवावं लागेल. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, समोर पोलादाचा पातळ पडदा आणि दोन छोटे पॉइंट असतात. प्रवाह आला की गुंडाळीचं चुंबक होतं आणि ते पडद्याला ओढतं. पडदा ओढला जाताच पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा मिळतात. हे सेकंदाला साधारण चारशे वेळा घडतं आणि तोच आपल्याला ऐकू येणारा सूर. एवढी कसरत करायला हॉर्नला पुरेसा प्रवाह लागतो, एकेका हॉर्नला साधारण चार-पाच अँपिअर. प्रवाह कमी पडला की पडदा पूर्ण ओढला जात नाही. हॉर्न घरघरतो किंवा नुसता ‘टक्’ करून गप्प होतो.

आता किनाऱ्याकडे वळू. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाऱ्याबरोबर त्याचे तुषार येतात आणि मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी तर थेट चासीवर गळतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. घरातल्या मिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटतं ते यामुळेच, आणि कपलरच्या आत बसलेल्या मिठाचंही तेच होतं. म्हणजे पाऊस थांबला, गाडी शेडमध्ये कोरडी दिसली, तरी तिचे जोड आतून ओलेच असतात. त्यात भर म्हणून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. निव्वळ मासळीवर चालणारी गाडी नेमक्या पावसाळ्याच्या दोन दमट महिन्यांत उभी राहते. काही जुन्या गाड्यांत रिले (बटण आणि हॉर्न यांच्यातला मधला स्विच) नसतो. हॉर्नला बॅटरीचा सप्लाय थेट असतो आणि स्टिअरिंगचं बटण फक्त अर्थ जोडतं. तिथे हॉर्नच्या दोन्ही टोकांवर रात्रंदिवस १२ व्होल्ट असतात. खारं पाणी आणि सतत उभा असलेला दाब एकत्र आले, की तांब्या-पितळेची टोकं झिजत जातात. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक होतं. कपलरमधली हिरवी भुकटी त्याच जातीची.

या भुकटीचा परिणाम साध्या आकड्यांत मांडता येतो. हिशेब ठोकळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. हॉर्नचा रोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे ४८ वॅट. गंजलेल्या जोडात फक्त १ ओहम रोध शिरला, की एकूण रोध ४ ओहम, प्रवाह ३ अँपिअर, आणि हॉर्नच्या वाट्याला १२ ऐवजी ९ व्होल्ट. शक्ती उरली २७ वॅट, जवळपास निम्मी. उरलेले ३ व्होल्ट त्या नखाएवढ्या जोडात जळतात. ९ वॅट उष्णता तिथेच साठते. कपलरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं किंवा वितळलेलं दिसतं त्याचं कारण हे.

इथेच तपासणीतली सगळ्यात मोठी चूक होते. हॉर्नची वायर काढून मल्टिमीटर लावला जातो, मीटर १२ व्होल्ट दाखवतो, आणि ‘सप्लाय आहे, म्हणजे हॉर्नच खराब’ असा निकाल लागतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. वायरीची एकच बट शाबूत असली तरी तो १२ दाखवणार. म्हणून मोजायचं ते वायरी हॉर्नला जोडलेल्या ठेवून आणि बटण दाबलेलं असताना. तेव्हा हॉर्नच्या दोन टोकांत ९ किंवा ६ व्होल्ट आले, तर तूट वाटेत आहे. बटण दाबूनच मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं हॉर्नच्या अर्थला लावा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर दोष अर्थिंगमध्ये आहे. मीटर नसला तरी अडत नाही. फ्यूज लावलेली जाड वायर घेऊन हॉर्नला बॅटरीवरून थेट सप्लाय आणि थेट अर्थ द्या. खणखणीत वाजला, तर हॉर्न निर्दोष आहे. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा अर्थ त्याच्या पट्टीतून, बोल्टमधून बॉडीला जातो. तो बोल्ट गंजला की एवढ्यानेच हॉर्न बंद.

बाकीचा शोध कानाने होतो. बटण दाबल्यावर रिलेचा ‘टक्’ आवाज आला, म्हणजे बटण आणि स्टिअरिंगकडची बाजू ठीक. बिघाड रिलेच्या पॉइंटपासून पुढे. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग स्टिअरिंगखालची कॉन्टॅक्ट रिंग. स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावरच हॉर्न वाजत असेल तर ती रिंगच झिजली आहे. एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र स्टिअरिंग घरी उघडू नये.

या तपासणीवर पहिला आक्षेप असा, की हॉर्न काही शे रुपयांत मिळतो, त्यासाठी तासभर कशाला घालवायचा? कारण तो तास हॉर्नपुरता नसतो. पुढच्या बाजूचा एकच अर्थ पॉइंट अनेकदा हॉर्न, हेडलाइट आणि इंडिकेटर यांना मिळून असतो. हॉर्न पहिल्यांदा तक्रार करतो, कारण प्रवाह कमी पडला की त्याचा पडदा पूर्ण ओढला जात नाही. दुसरा आक्षेप ग्रीसचा: ग्रीसमधून वीज जात नाही, मग जोडांत ते कशाला? खरं आहे, जात नाही. पण घट्ट बसणारं टोक धातूला धातू भिडवतं, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि भोवतीच्या फटी बंद करतं. फक्त आधी सँडपेपरने धातू चकचकीत करायला हवा. गंजावर नुसतं ग्रीस किंवा स्प्रे मारणं म्हणजे मीठ आत कोंडणं. वायर बदलायची झाली तर कल्हई केलेल्या तारेची घ्यावी, बोटींवर वापरतात तशी.

आणखी एक उपाय गॅरेजमध्ये सहज सुचवला जातो: मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवा. याला माझा साफ विरोध आहे. जुन्या वायरीवर जास्त प्रवाहाचा हॉर्न टाकला की तेच जोड आणखी तापतात. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ ला हॉर्न हवा आहे, पण अनेक सुरांचा किंवा कर्कश नको. आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-एफ नुसार हॉर्न विनाकारण वाजवण्याला पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. हॉर्न नसलेलाच बरा, असं गोंगाटाला कंटाळलेले लोक म्हणतात. गाड्यांमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंद केलं ते याच कंटाळ्यातून. पण काशीद गावाजवळच्या अरुंद वळणावर समोरचं काही दिसत नसताना एक छोटा, स्पष्ट आवाज लागतोच.

खरोखरच हॉर्न बदलायची वेळ येते ती पडदा गंजून फुटला किंवा आत पाणी शिरून पॉइंट जळाले तर. तेव्हा नवा त्याच व्होल्टेजचा आणि तितक्याच अँपिअरचा घ्यावा, तोंड खाली ठेवून बसवावा म्हणजे पाणी साचत नाही, आणि हॉर्नची कड बॉडीला टेकू देऊ नये. फ्यूज उडत असेल तर त्याजागी तार गुंडाळू नये; आधी शॉर्ट शोधावा.

व्यवसायाची गाडी आठ वर्षांहून जुनी असेल तर तिचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं. त्याची वाट पाहू नका. दसऱ्याला गाडीची पूजा होते, त्याआधी अर्धा तास काढा: बॉनेट उघडा, हॉर्नचा कपलर सोडवा, अर्थचा बोल्ट काढून घासा. आणि पुढच्या वर्षी मेअखेरीस, बोटी किनाऱ्याला लागायच्या आत, हेच पुन्हा करा.