मुके झालेले पोर्ट

लॅपटॉपच्या कडेला बोटाच्या पेराएवढी रुंद अशी एक चौकोनी खाच असते. तिच्या आत आठ बारीक, सोनेरी पिना एका ओळीत बसविलेल्या दिसतात. या खाचेत केबल बसविली म्हणजे संगणक इतर संगणकांशी तारेने जोडला जातो. अलीकडच्या पातळ लॅपटॉपांतून ही खाच नाहीशी होत चालली असली, तरी कार्यालये, प्रयोगशाळा, ग्रंथालये अशा ठिकाणी, जेथे बिनतारी जोडणीवर विसंबून राहणे परवडत नाही, तेथे तिचे महत्त्व कमी झालेले नाही. असे पोर्ट एखाद्या दिवशी एकाएकी मुके होते. केबल जागच्या जागी असते, पण पडद्यावर ‘केबल जोडलेली नाही’ असा मजकूर येतो. पोर्ट जळाले, असे निदान बहुधा त्याच क्षणी केले जाते. पुष्कळ लॅपटॉपांत हे पोर्ट मुख्य मदरबोर्डवरच झाळलेले असते. त्यामुळे मदरबोर्ड बदलावा लागेल, हा पुढचा निर्णयही लागलीच दिला जातो. जुन्या यंत्राच्या बाबतीत हा खर्च करण्यापेक्षा यंत्रच टाकून द्यावे असे मालकाला वाटू लागते. वस्तुतः निकामी वाटणारे पोर्ट पुष्कळदा निकामी नसतेच. दोष त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो, आणि तो नेमका कोठे आहे हे घरच्या घरी बऱ्याच अंशी ठरविता येते.

या जोडणीला ईथरनेट म्हणतात. १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तिची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साह्याने ती प्रत्यक्षात उतरविली. नाव मात्र एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्राकडून उसने घेतले. प्रकाशलहरी वाहून नेणारे ‘ईथर’ सर्वत्र भरून राहिले आहे, असे त्या काळी मानीत. ते ईथर पुढे विज्ञानाने निकालात काढले. नाव तेवढे या तारांच्या रूपाने शिल्लक राहिले. प्रारंभीच्या ईथरनेटमध्ये एकच जाड केबल सर्व यंत्रांजवळून नेलेली असे, आणि ती कोठेही तुटली की सगळे जाळे कोलमडे. पिळाच्या तारांवर चालणाऱ्या ईथरनेटचे प्रमाण १९९० साली निश्चित झाले आणि प्रत्येक यंत्रापासून स्वतंत्र केबल मधल्या पेटीपर्यंत नेण्याची पद्धत रूढ झाली. ही पेटी म्हणजे आजचा स्विच किंवा राउटर होय. दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल फार सोयीचा ठरला, कारण एका केबलचा दोष आता सहसा एकाच यंत्राला भोवतो.

केबल बसविल्यावर पोर्टच्या कडेला एक लहानसा दिवा लागतो. सर्व तपासणीची किल्ली या दिव्यात आहे. दोन टोकांची यंत्रे, त्यांना एकमेकांना सांगण्यासारखे काही नसले तरी, सेकंदाच्या अगदी लहान अंशाने तारेवरून ठोके पाठवीत राहतात. पलीकडचा ठोका ऐकू आला की दोघांमध्ये वेगाविषयी बोलणी होतात आणि मग दिवा लागतो. तेव्हा दिवा लागला याचा अर्थ असा, की केबल, पिना आणि दोन्ही टोकांच्या चिपा निदान परस्परांना ओळखण्याइतक्या शाबूत आहेत. उरलेला दोष आज्ञावलीत शोधावा. दिवा लागतच नसेल, तर जाळ्याच्या पत्त्यांची उलथापालथ करीत बसण्यात हशील नाही. काही लॅपटॉपांच्या पोर्टला दिवा दिलेलाच नसतो; अशा वेळी पलीकडच्या स्विचवरचा दिवा पाहावा, तोही तीच साक्ष देतो.

दिवा लागत नसल्यास प्रथम केबलचा विचार करावा. तिच्यात आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी पिळलेली असते. बाहेरचा विद्युतीय उपद्रव पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि ग्रहण करणारे यंत्र दोन्हींतील केवळ फरक मोजत असल्यामुळे तो उपद्रव आपोआप वजा होतो. ही युक्ती संगणकाहून बरीच जुनी. टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तिचे एकस्व १८८१ सालीच घेतले होते. दर सेकंदाला १० किंवा १०० मेगाबिट या वेगासाठी चारांपैकी दोनच जोड्या लागतात. त्या १, २, ३ आणि ६ या क्रमांकांच्या पिनांवर येतात. १००० मेगाबिटांच्या वेगासाठी मात्र चारही जोड्या आवश्यक असतात. येथे एक फसवा प्रकार घडतो. वेगाविषयीची बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरूनच होतात. उरलेल्यांपैकी एखादी तार तुटलेली असली, तरी दोन्ही यंत्रे मोठ्या वेगाला रुकार देऊन बसतात आणि मग तो वेग त्यांना पेलत नाही. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. असे दिसल्यास संगणकाच्या मांडणीत जाऊन वेग १०० मेगाबिटांवर बांधून पाहावा. जोडणी स्थिर झाली, तर पोर्टमधील चिप जिवंत असून एखादी तार किंवा पिन तुटलेली आहे असे खुशाल समजावे. हा कायमचा उपाय नव्हे, पण निदान म्हणून त्याला तोड नाही.

केबल बदलून पाहणे ही सर्वांत साधी परीक्षा. तरीही तीच पुष्कळदा शेवटी केली जाते. प्लगची प्लॅस्टिकची खिटी तुटलेली असेल, तर प्लग हळूहळू मागे सरकतो आणि डोळ्यांना बसलेला दिसूनही तो पिनांना टेकत नाही. केबल बदलूनही दिवा लागला नाही, तर स्विचमधली खाच बदलावी. त्यानेही काही झाले नाही, तर लॅपटॉप बंद करून त्याचे पोर्ट उजेडात नीट न्याहाळावे. आठ पिनांपैकी एखादी खाली दबून राहिलेली, शेजारणीवर चढलेली किंवा दमट हवेने हिरवट झालेली आढळते. टेलिफोनचा अरुंद प्लग या रुंद खाचेत कोणी बसविला असेल, तर कडेच्या पिना दबलेल्या सापडणे संभवते. दबलेली पिन लाकडी दातकोरणीने हळुवार वर घेता येते. धातूची टाचणी मात्र आत घालू नये.

खाच स्वच्छ आहे, केबल चांगली आहे आणि तरीही दिवा नाही, असे झाले तरी पोर्ट मेले असे म्हणण्याची घाई करू नये. विजेच्या बचतीसाठी ही चिप झोपविण्याची व्यवस्था लॅपटॉपमध्ये असते, आणि कधीकधी ती झोपेतून जागीच होत नाही. यंत्र बंद केल्याने तिचा वीजपुरवठा तुटतो असेही नाही, कारण बॅटरीतून थोडी वीज मिळत राहू शकते. शिवाय २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘बंद करा’ या आज्ञेचा अर्थच पालटला. त्वरित आरंभाची सोय चालू असेल, तर यंत्र बंद होताना आज्ञावलीचा गाभा जशाच्या तसा डिस्कवर जपला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उचलला जातो. त्यातला बिघाडही अर्थातच बरोबर येतो. म्हणून येथे ‘बंद करा’ऐवजी ‘पुन्हा सुरू करा’ ही आज्ञा द्यावी. तेवढ्याने भागले नाही, तर यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघण्याजोगी असल्यास तीही काढावी, आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. हा उपाय मंत्रतंत्रासारखा वाटतो. परंतु चिपमध्ये उरलेली वीज निघून जाऊन ती मुळापासून सुरू व्हावी, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तो लागू पडल्याचे अनेकांना आढळले आहे. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मूळ मांडणीत पोर्ट कोणी बंद तर करून ठेवलेले नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

यानंतर आज्ञावलीचा प्रश्न येतो. चिपशी बोलणारी ड्रायव्हर नावाची आज्ञावली बिघडली असेल, तर ती काढून नव्याने घालावी. पण दोष ड्रायव्हरचा की चिपचा, हे ठरविण्याचा खात्रीचा मार्ग वेगळाच आहे. यूएसबी स्मृतिकांडीवरून चालणारी लिनक्स प्रणाली सुरू करून पाहावी. तिचा ड्रायव्हर स्वतंत्र असतो. तेथे पोर्ट चालले, तर मदरबोर्ड निर्दोष ठरतो आणि मोठा खर्च वाचतो. याउलट १२७.०.०.१ या पत्त्याला हाक घालून पाहण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो येथे कुचकामी आहे. ती हाक संगणकाच्या आतच फिरून परत येते, पोर्टपर्यंत पोहोचतच नाही.

दिवा लागला आहे, पण जाळे नाही, या अवस्थेत संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या यंत्राकडून उत्तर न आल्यामुळे संगणकाने तो स्वतःच घेतलेला असतो. अशा वेळी राउटरकडे वळावे. काही ठिकाणी सेवा देणारे एकाच यंत्राच्या जन्मजात क्रमांकाला जोडणी बांधून ठेवतात. तेथे परीक्षेसाठी शेजारचा लॅपटॉप आणून लावला तरी तोही चालत नाही, आणि केबलवर विनाकारण ठपका येतो.

पोर्ट खरोखर जळते ते बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी. दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून नेलेल्या लांब केबलीत, जवळपास वीज कडाडली की मोठा विद्युत्‌दाब निर्माण होतो. तारा आणि चिप यांच्यामध्ये लहान रोहित्रे असतात आणि ती सुमारे १५०० व्होल्टपर्यंत आड येऊ शकतात. त्यापलीकडे चिप दगावते. मग यंत्रांच्या यादीत तिचे नावच उमटत नाही, आणि लिनक्समध्येही ती दिसत नाही. एवढ्या सर्व खुणा जुळल्या तरच पोर्ट मृत मानावे.

त्यानंतरही मदरबोर्ड बदलणे अपरिहार्य नसते. यूएसबीच्या खाचेत बसणारे ईथरनेटचे अडॅप्टर बाजारात मिळते आणि त्याची किंमत मदरबोर्डच्या तुलनेत अल्प असते. मात्र जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या यूएसबी खाचेतून दर सेकंदाला ४८० मेगाबिटांहून अधिक माहिती जाऊ शकत नाही. १००० मेगाबिटांचा पूर्ण लाभ हवा असल्यास तिसऱ्या आवृत्तीची खाच निवडावी. अडॅप्टरचा जन्मजात क्रमांक लॅपटॉपच्या पोर्टहून निराळा असतो, म्हणून जेथे जोडणी क्रमांकाला बांधलेली आहे तेथे तो नवा क्रमांक सेवा देणाऱ्याकडे आधी नोंदवावा लागतो.